पदवीच्या बाहेर घडलेला अभ्यासक्रम

समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या मानसिक आरोग्याचा विषय महाराष्ट्रातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याच्या विद्यापीठाने क्वचितच नीट शिकवला. तो आधी मासिकांतून आला, मग एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमातून, स्वयंसेवी संस्थांच्या छोट्या कार्यालयांतून आणि पुढे न्यायालयांच्या निकालांतून. पदव्युत्तर अभ्यासक्रम या सगळ्यांच्या मागून रेंगाळत आला. जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावसारख्या तालुक्याच्या गावातून कोणी या विषयाकडे वळू पाहिले, तर त्याने कुठे जावे या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीत बदलले आहे, आणि प्रत्येक पिढीत ते पदवीच्या बाहेरच जास्त सापडले आहे.

धरणगावातून शिक्षणासाठी बाहेर जाण्याची रीत तशी अलीकडची. त्याआधी बाहेरचे लोकच इथे येत. सतराव्या शतकात कापडाच्या व्यापारासाठी इंग्रजांची वखार इथे होती. १६७५ मध्ये आणि पुन्हा १६७९ मध्ये मराठ्यांनी ही पेठ लुटली, यावरूनच तिची श्रीमंती कळते. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने खानदेशातली भिल्ल पलटण इथे उभी केली. बालकवी ठोमरे यांचा जन्म १८९० मध्ये याच गावी झाला. त्यांच्या कवितेतल्या उदासीनतेचा उलगडा करण्यात मराठी समीक्षेने पुष्कळ शाई खर्ची घातली, पण मनाचा शास्त्रीय अभ्यास या भागात पोहोचला तो तत्त्वज्ञानाच्या दारातून, आणि तोही शेजारच्या अमळनेरला.

१९१६ मध्ये प्रताप शेठ यांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठात भारतातला पहिला स्वतंत्र मानसशास्त्र विभाग सुरू झाला. एकीकडे वेदान्ताचा विचार, दुसरीकडे प्रयोगशाळा. मुंबई इलाख्यातल्या महाविद्यालयांत तेव्हा मानसशास्त्र हे तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्राच्या जोडीने तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाई. खानदेशात महाविद्यालयेच मुळी १९४५ मध्ये आली: अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झाल्यावर ती पुण्याला जोडली गेली, आणि १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत परीक्षेचा निकाल, अभ्यासक्रमाचा आराखडा, संशोधनाचा मार्गदर्शक हे सगळे पुण्याकडूनच येत राहिले. या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.

लैंगिकतेविषयी मराठीत मोकळेपणाने बोलण्याची सुरुवात मात्र विद्यापीठाची वाट पाहत बसली नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते निघत होते. कर्वे गणिताचे प्राध्यापक. मानसशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, वैद्यकाचीही नव्हती. पण या मासिकात वाचकांच्या खासगी प्रश्नांना ते जी छापील उत्तरे देत, त्यांना मराठीतले पहिले लैंगिक समुपदेशन म्हणायला हरकत नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव गुप्त, प्रश्न रोखठोक आणि उत्तर त्याहून रोखठोक. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांवर शाळेत किंवा दवाखान्यात ज्याला कोणी उत्तर दिले नसते, त्याला ते इथे मिळे, आणि त्यात पापाचा दम दिलेला नसे. कर्व्यांचे प्रत्येक मत आजच्या विज्ञानाला धरून आहे असे नाही. त्यांची पद्धत मात्र आजच्या समुपदेशकालाही शिकवता येईल अशी आहे: विचारणाऱ्याला आधी गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातून बाहेर काढायचे, मग उत्तर द्यायचे.

पिंजऱ्यात उभे राहण्याची पाळी शेवटी कर्व्यांवरच आली. आधीच्या एका लेखासाठी १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता. १९३४ मध्ये दुसरा झाला, तो वाचकांच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, असा बचाव मांडला गेला. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला. या विषयाच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर हा खटला त्यात धरलाच पाहिजे, कारण समलिंगी माणसाच्या प्रश्नाला जाणकाराने उत्तर द्यावे की नाही, हा मुद्दा महाराष्ट्रात पहिल्यांदा इथे जाहीरपणे वादाला आला.

त्याच काळात मुंबईत इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी वेगळी चळवळ चालू होती. जर्मन लैंगिकशास्त्रज्ञ माग्नुस हिर्शफेल्ड १९३१ मध्ये जगप्रवासात भारतात येऊन गेला; बर्लिनमधली त्याची संस्था दोन वर्षांतच नाझींनी उद्ध्वस्त केली. डॉ. ए. पी. पिल्ले यांनी १९३४ मध्ये मुंबईतून ‘मॅरेज हायजीन’ हे नियतकालिक काढले आणि १९४७ मध्ये त्याच्या पुढच्या अवताराचे नाव ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ असे ठेवले. जगभरच्या तज्ज्ञांचे लेख त्यात येत. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई हे या विद्येचे एक नावाजलेले ठाणे होते, हे आज मानसशास्त्राच्या फारच थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते.

स्वातंत्र्यानंतर मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे झाले. पुण्याचा विभाग १९५० मध्ये, मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ मध्ये सुरू झाला. रुग्णालयातले मानसशास्त्र शिकायचे असेल तर १९५५ पासून बंगळुरूला सोय होती. तिथल्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थचे पुढे १९७४ मध्ये निमहान्स झाले. महाराष्ट्रातली चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे. खानदेशाच्या वाट्याला यांतले एकही नाही. मनाच्या आजारासाठी जसा लांबचा प्रवास, तसाच तो आजार बरा करण्याची विद्या शिकण्यासाठीही.

आणि ही विद्या समलिंगी माणसाला आजारी मानूनच शिकवली जात होती. ‘अपसामान्य मानसशास्त्र’ या पेपरात एक प्रकरण लैंगिक विकृतींचे असे आणि समलैंगिकता त्यात येई. वर्तनोपचाराची लाट ब्रिटनमधून आली तेव्हा ती या प्रकरणावरही आपटली. नको असलेल्या आकर्षणाला विजेच्या सौम्य झटक्याची किंवा मळमळ आणणाऱ्या औषधाची जोड द्यायची, म्हणजे आकर्षण विझेल, अशी ती कल्पना. १९८२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’त मुंबईतल्या डॉक्टरांचा समलैंगिकतेवर वर्तनबदलाने केलेल्या उपचारांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या काळाच्या मापाने हे डॉक्टर क्रूर नव्हते. रुग्ण स्वतःहून ‘मला बदला’ म्हणत आले होते, आणि अशा रुग्णाला दुसरे काही सांगता येते हे त्या पिढीच्या कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते.

अमेरिकेत मात्र तोवर पाणी बरेच वाहून गेले होते. १९५७ मध्ये एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी समलिंगी आणि भिन्नलिंगी पुरुषांच्या प्रक्षेपण चाचण्यांची उत्तरे तज्ज्ञांपुढे ठेवली. कोणते उत्तर कोणत्या गटातले हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या रुग्णालयांत मात्र जागतिक आरोग्य संघटनेची यादी चाले, आणि त्या यादीतून समलैंगिकता वगळण्याचा निर्णय १७ मे १९९० रोजी झाला. तरीही नव्या, म्हणजे दहाव्या आवृत्तीत एक फट राहिली. ज्याला आपला लैंगिक कल स्वतःलाच नकोसा वाटतो त्याच्यासाठी एक वेगळे निदान ठेवले गेले. भारतीय घरात लग्नाचा तगादा सुरू झाला की कोणालाही आपला कल नकोसा वाटणारच! या एका निदानाच्या आडोशाने ‘बदलण्याचे’ उपचार पुढे वर्षानुवर्षे चालत राहिले, आणि विद्यार्थी ते निदान पाठ करून परीक्षा देत राहिले. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या अकराव्या आवृत्तीत ते निदान गेले. पारलिंगी असणेही मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेण्यात आले.

१९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समुदायाचे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. दोन वर्षे आधी, १९९२ मध्ये, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको स्थापन झाली होती. या दोन गोष्टींची गाठ पडली आणि समलिंगी पुरुष व तृतीयपंथी यांच्यापर्यंत सरकारी आरोग्यसेवा पहिल्यांदा पोहोचली. तिचे रूप अर्थातच एचआयव्हीने ठरवले. निरोध, रक्ततपासणी, गुप्तरोगांवरचे औषध यांना अनुदान होते. घरच्यांनी बाहेर काढलेल्या मुलाच्या झोपेच्या तक्रारीला नव्हते. समलिंगी स्त्रिया तर या हिशेबात कुठेच बसत नव्हत्या. त्यांच्यासाठी मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला, तो पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला गेला.

तरीही छोट्या गावांच्या दृष्टीने एचआयव्हीच्या कार्यक्रमाने एक मोठे काम केले. त्याने समुपदेशक हे पद निर्माण केले. सरकारी रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे, बोलीभाषेत नुसते ‘आयसीटीसी’, सुरू झाली, आणि मानसशास्त्र किंवा समाजकार्यात एम.ए., एम.एस.डब्ल्यू. झालेल्या तरुणांना जिल्ह्याच्या नि तालुक्याच्या ठिकाणी बोलणे ऐकून घेण्याचा पगार मिळू लागला. त्याआधी खानदेशात मानसशास्त्राची पदवी म्हणजे फार तर प्राध्यापकी, नाहीतर शाळा. आता समोरच्या खुर्चीवर असा पुरुष येऊन बसू लागला, जो ‘माझे लग्न झाले आहे’ हे आधी सांगत असे आणि बाकीचे पंधरा मिनिटांनी. त्याच्याशी काय बोलायचे हे एम.ए.च्या कोणत्याही पेपरात नव्हते. ते नॅकोच्या प्रशिक्षणात शिकायचे.

या प्रशिक्षणाच्या गरजेतूनच पुढचे पाऊल पडले. टाटा समाजविज्ञान संस्थेने, ‘टिस’ने, एचआयव्हीच्या समुपदेशकांसाठी ‘सक्षम’ हा प्रकल्प चालवला. १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने १९३७ मध्येच मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र काढले होते, म्हणजे समुपदेशनाची परंपरा तिथे जुनी. २०१३ मध्ये ‘सक्षम’तर्फे समलिंगी व्यक्तींना आधार देणाऱ्या समुपदेशनाची एक प्रशिक्षण पुस्तिका निघाली. तिच्या लेखकांत केतकी रानडे यांचे नाव होते. त्याआधी २००९ मध्ये पुण्याच्या बापू ट्रस्टमध्ये काम करत असताना रानडे यांनी मुंबई-पुण्यातल्या डॉक्टरांचा आणि मानसोपचारतज्ज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. समलिंगी आकर्षण बदलण्याचे उपचार तेव्हाही दिले जात होते, हे त्यात नोंदवले गेले. आजाराच्या यादीतून नाव कमी होऊन जवळपास वीस वर्षे उलटली होती. यादी बदलणे सोपे असते; डॉक्टरने विद्यार्थिदशेत जे शिकून ठेवलेले असते ते निवृत्तीपर्यंत टिकते.

इंग्रजी न वाचणाऱ्यांसाठी दुसऱ्या एका माणसाने जवळजवळ एकट्याने काम केले. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला. मदतवाहिनी, आधारगट यांबरोबरच त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली: ‘पार्टनर’, ‘इंद्रधनु’, ‘मानवी लैंगिकता’. पहिले गोष्टीच्या रूपात, बाकीची माहितीची. मराठी माध्यमातून मानसशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला लैंगिक कल म्हणजे काय, लिंगभाव म्हणजे काय, मुलगा घरी सांगतो तेव्हा आईवडिलांना काय वाटते, हे आपल्या भाषेत सलग वाचायला मिळाले ते यांत. विद्यापीठीय मानसशास्त्राने मराठीत या तोडीचे पाठ्यपुस्तक द्यायला हवे होते. ते एका स्वयंसेवी संस्थेच्या संस्थापकाला लिहावे लागले, हे त्या शास्त्राच्या मराठी प्राध्यापकांना फारसे भूषणावह नाही.

२००९ पासून या विषयावर न्यायालयांचे निकाल येऊ लागले आणि शिकवण्याची दिशा तिथून बदलली. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ संमतीने ठेवलेल्या संबंधांपुरते रद्द केले. सर्वोच्च न्यायालयात त्यावर अपील झाले तेव्हा निमहान्सचे डॉ. शेखर शेषाद्री आणि इतर मानसिक आरोग्य तज्ज्ञांनी हस्तक्षेप अर्ज केला: हा आजार नाही, आणि गुन्हा ठरवल्याने माणसे आजारी पडतात. ११ डिसेंबर २०१३ रोजी न्यायालयाने कलम पुन्हा जिवंत केले. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालाने तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. जुलै २०१८ मध्ये भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नसल्याचे जाहीर निवेदन दिले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा तो भाग कायमचा गेला.

याच वर्षी २९ मे रोजी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अमलात आला होता. प्रसिद्धी त्याला कमी मिळाली, पण मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या कामाला तो अधिक जवळचा. समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चालीरीतींत न बसणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असे त्याचे तिसरे कलम सांगते. अठरावे कलम लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई करते. याच कायद्याने ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ कोणाला म्हणावे हेही ठरवले, आणि ती व्याख्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेभोवती फिरते.

नाल्सा निकालाचा प्रत्यय धरणगावच्या शेजारीच आला. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिलांच्या जागेवर भरलेला अर्ज त्या तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून फेटाळला गेला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. स्वतःची ओळख स्त्री म्हणून देण्याचा हक्क त्यांना आहे, असे न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये मान्य केले. निवडणूक झाली आणि त्या निवडून आल्या. जिल्ह्याच्या पूर्व भागात फैजपूरच्या शमिभा पाटील यांना २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीने रावेर विधानसभेची उमेदवारी जाहीर केली. खानदेशात ‘असे लोक नाहीतच’ असे म्हणायला मतपत्रिकेने जागा ठेवली नाही.

भादलीच्या प्रकरणात मानसशास्त्रज्ञाचे मत कोणी मागितले नाही, ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याखालच्या नियमांच्या पहिल्या मसुद्यात ओळखपत्रासाठी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल जोडायची अट होती. तिला विरोध झाला आणि २०२० च्या अंतिम नियमांत ती राहिली नाही. हार्मोनचे उपचार किंवा शस्त्रक्रिया यांसाठी मात्र मानसिक आरोग्य तज्ज्ञाचे पत्र मागितले जाते. म्हणजे एका दारावरची चौकीदारी गेली आणि दुसऱ्यावरची राहिली. पत्र देणाऱ्याने काय विचारायचे, काय विचारणे हे निव्वळ कुतूहल आहे, नकार कशावरून द्यायचा आणि कशावरून मुळीच नाही, हे शिकल्याशिवाय येत नाही. एम.ए.च्या विद्यार्थ्याला पारलिंगी माणूस बहुधा अमेरिकन पाठ्यपुस्तकातल्या ‘जेंडर डिस्फोरिया’च्या प्रकरणात भेटतो: लक्षणे, निकष, वारंवारता. गुरू-चेल्यांची परंपरा, जोगते, टोळीतले नातेसंबंध, भिक्षेचे अर्थकारण यांतले काहीही त्या प्रकरणात नसते, कारण ते लिहिणाऱ्याने ते पाहिलेले नसते.

या कौशल्याचे रीतसर शिक्षण मुंबईत २०१९ मध्ये सुरू झाले, आणि तेही विद्यापीठात नव्हे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेने क्वीअर व्यक्तींना आधार देणाऱ्या समुपदेशनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढला. शिकवणारे स्वतः त्या समुदायातले आणि समुपदेशनाच्या धंद्यातलेही. केतकी रानडे, श्रुती चक्रवर्ती आणि पूजा नायर ही त्यातली नावे. विद्यार्थी म्हणून येणारे आधीच काम करणारे समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ. काही दिवसांचा हा अभ्यासक्रम दोन वर्षांच्या पदवीची उणीव भरून काढतो, यात त्याचे यश आहेच, पण पदवीचे अपयशही त्यातच नोंदलेले आहे. टिसने २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘आयकॉल’ या मदतवाहिनीमुळे दूरध्वनीवरच्या समुपदेशनाचाही असा अनुभव जमा होत गेला. लहान गावातल्या माणसाला हा मार्ग सोयीचा, कारण ओळखीच्या दवाखान्याबाहेर ताटकळत बसण्यापेक्षा शेताच्या बांधावरून फोन करणे बरे.

वैद्यकाच्या बाजूला बदलासाठी जास्त जोर लागला, आधी एका प्राध्यापकाचा आणि मग न्यायालयाचा. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्य चाचणीसारखा अशास्त्रीय मजकूर अभ्यासक्रमातून काढावा असा पाठपुरावा केला, आणि २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो काढला. धुळे आणि जळगावची सरकारी वैद्यकीय महाविद्यालये याच विद्यापीठाखाली येतात. ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या उपचारांना मनाई करणारा आदेश दिला. निकाल लिहिण्यापूर्वी या न्यायमूर्तींनी स्वतःच एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन विषय समजून घेतला होता, ही न्यायालयांच्या इतिहासात विरळ घटना. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या न्यायवैद्यकाच्या नव्या आराखड्यात समलिंगी संबंध ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’च्या मथळ्याखाली परत आले आणि ओरड झाल्यावर तो आराखडा मागे घेण्यात आला. जुने प्रकरण किती सहज डोके वर काढते, ते यावरून दिसते.

हा आयोग डॉक्टरांचा. मानसशास्त्रज्ञ त्याच्या हाताखाली येत नाहीत, आणि खरी अडचण इथेच आहे. १९९२ च्या कायद्याने झालेली पुनर्वसन परिषद चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करते. त्यासाठी लागणारा दोन वर्षांचा एम.फिल. मोजक्या मान्यताप्राप्त संस्थांत होत असे आणि राज्यातल्या जागा मुख्यतः मोठ्या शहरांत होत्या. नुसती एम.ए. करून समुपदेशनाची पाटी लावणाऱ्यावर बराच काळ कोणाचीच देखरेख नव्हती. तो ‘मुलाला सुधारून देतो’ म्हणाला तर तक्रार कोणाकडे करायची? २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञ पहिल्यांदा एका नियामकाच्या कक्षेत आणले. दरम्यान नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. चिकित्सा मानसशास्त्रापुरती तिला २०२५–२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि तिच्या जागी नवे अभ्यासक्रम आणण्याचे काम परिषदेने हाती घेतले.

परदेशी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेत या विषयाचा स्वतंत्र विभाग, चव्वेचाळिसावा, १९८५ पासून आहे, आणि इलन मेयर यांच्या ‘अल्पसंख्याकांचा ताण’ या मांडणीने नव्वदच्या दशकापासून संशोधनाला पाया दिला: त्रास कलामुळे नसून लपवाछपवीचा, नकाराच्या भीतीचा आणि प्रत्यक्ष छळाचा आहे. तरीही तिथल्या पीएच.डी.च्या जाहिरातीत हा विषय मथळ्यात क्वचितच असतो. प्रवेश मिळतो तो एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत. म्हणून अर्जदार विद्यापीठाच्या नावाऐवजी शोधनिबंधांखालच्या सह्या वाचतो, त्या प्राध्यापकाचे विद्यार्थी पुढे कुठे गेले ते पाहतो, आणि प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याचे शिक्षण कोणत्या केंद्रात मिळेल याची चौकशी करतो. बॉस्टनचे १९७१ पासूनचे फेनवे हे असे एक केंद्र. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनीही २०१३ पासून डॉक्टरेटनंतरच्या प्रशिक्षणात या विषयाच्या जागा ठेवल्या.

भारतातही वाट फारशी निराळी नाही. जळगावच्या विद्यापीठात, पुण्यात किंवा मुंबईत या नावाची पदव्युत्तर शाखा शोधत बसणाऱ्याच्या हाती थोडे लागते. मार्गदर्शक शोधणाऱ्याच्या हाती अधिक. धरणगावचा विद्यार्थी जळगावच्या विद्यापीठाची एम.ए. करून तिचा शोधप्रकल्प या विषयावर घेऊ शकतो, टिससारख्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करू शकतो, आयसीटीसीत किंवा एखाद्या मदतवाहिनीवर काम करता करता मुंबईचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरा करू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी हवी असेल, तर पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेची पदवी त्याला वेगळी घ्यावीच लागते, आणि त्या पदवीच्या काळात ज्याच्या देखरेखीखाली रुग्ण पाहायचे, तो पर्यवेक्षक या विषयात काय मानतो, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावे लागते.